शेतावर राहिलेलं मूल

॥ श्री ॥
दार्सैत, मस्कत
२८ नोव्हेंबर २०२४

ती. प्रेमाआत्यास,
यशश्रीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर तुला हल्ली नीट ऐकू येत नाही, आणि मी काहीही विचारलं तरी तू जेवलीस का एवढंच विचारतेस, म्हणून हा उद्योग. वरच्या मजल्यावरच्या फ्लॉरेन्स आंटी नाताळासाठी वसईला चालल्यात, त्या तिथून पोस्टात टाकतील. उत्तर त्यांच्याच वसईच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे त्या परत येताना आणतील. माझं शुद्धलेखन चालवून घे. मागच्या हिवाळ्यात आजोबा इथे तीन महिने होते, तेव्हा ते रोज संध्याकाळी माझ्याकडून मराठीचं एक पान लिहून घ्यायचे. माझा ळ बघून म्हणायचे, हे अक्षर नाही, हे झोपलेलं मांजर आहे.

आत्या, पप्पा बोलत नाहीत. आजोबांच्या कार्याला ते गावी आले, चौदाव्या दिवशी परत आले, आणि तेव्हापासून घरात नुसते वावरतात. आई म्हणते, बाप गेलाय, वेळ लागणारच. पण हे वेगळं आहे. परवा त्यांच्या वर्कशॉपमधल्या जुनैदअंकलनी सांगितलं की पप्पांनी एसीच्या डक्टचं माप दोनदा चुकवलं. सत्तावीस वर्षांत असं कधी झालेलं नाही. मी त्यांना तुझ्याबद्दल विचारलं तर उठून गॅलरीत गेले. तुमचं काही भांडण झालं का?

आणि दुसरं म्हणजे, मला आजोबा पाहिजेत. मे महिन्याच्या सुट्टीत यायचो तेव्हा मी पडवीत मोबाइल घेऊन बसलेली असायचे, ते शेतातून यायचे, हातपाय धुऊन माझ्या डोक्यावर ओला हात ठेवायचे. एवढंच. मला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते दहा ओळींत संपतं. इथल्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्या दहा ओळी परत परत आठवते. तुझ्याकडे एकसष्ट वर्षांचे आजोबा आहेत. त्यातले थोडे मला लिही.

आई नमस्कार सांगते. माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी,
यशश्री

॥ श्री ॥
खालची कोंडवाडी, ता. संगमेश्वर
१४ डिसेंबर २०२४

चि. यशश्रीस,
प्रेमाआत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, आत्या, वाचून दाखवू का? मी म्हटलं, सातवी झालेय मी, तू आपली सायकल बघ. तुझं शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे, उगीच लाजू नकोस.

बाबांचं काय लिहू? माझंच एक सांगते, त्यातून तुला बाबा कळतील.

एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न झालं. दोन वर्षांनी एका सकाळी मी ट्रंक डोक्यावर घेऊन परत आले. का, ते तू आलीस की सांगेन, पत्रात लिहायचं नाही ते. वाडीतल्या एकूण एक माणसानं विचारलं. बाबांनी नाही विचारलं. आषाढ होता, लावणी चालू होती. त्यांनी खाचरातूनच मान वर केली आणि म्हणाले, बरं झालं आलीस, रोपं काढायला माणूस कमीच पडतंय. मी ट्रंक पडवीत टेकवली आणि चिखलात उतरले. त्या विषयावर आमचं पुढं कधी बोलणं झालं नाही. मला परत पाठवा असं सांगायला कुणी सोयरा आला, तर बाबा आधी त्याला शेत दाखवायला न्यायचे, आणि कड्यापासून खाली पऱ्याच्या पाण्यापर्यंत इतका फिरवायचे की तो घामानं भिजून, पाणी पिऊन, आल्या वाटेनं परत जायचा.

तुझ्या पप्पांना मस्कतला धाडलं त्या वर्षी बैलजोडी विकली. ढवळ्या आणि बांडा. बांडा जाताना मागं वळून बघत होता, तेव्हा बाबा घरात जाऊन बसले. त्या पावसात आम्हाला बैल नव्हते. शेजारी जोडी द्यायला तयार होते, पण त्यांचं उरकल्यावर, म्हणजे उशिरा. मग एक कुदळ त्यांची, एक माझी. सगळी खाचरं हातानं खणली. पुढं दोन हजार पाचच्या पावसात वरची दरड येऊन कड्याखालची दोन खाचरं दगडांखाली गेली, तेव्हा लोक बाबांना म्हणाले, भागोजी, सोड आता. आम्ही तीन उन्हाळे दगड उपसले. त्याच दगडांचा बांध घातला. आज त्यावर उभी राहिलीस तर खालचं सगळं शेत दिसतं.

आता तू विचारलंस म्हणून लिहिते. मागच्या मार्चात बाबा तुमच्याकडून परत आले ते बदलून आले. तलाठ्याकडं जाऊन सातबारा काढला. मोजणीवाल्याला बोलावलं. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, वेळ आली की सांगतो. यंदाच्या लावणीला पहिल्यांदा बांधावर बसून राहिले. हायवेपासून आत येणाऱ्या जमिनींना आता गिऱ्हाईक आहे, दलाल फिरतात. मी काय ते समजले. तुझ्या पप्पांनी तिकडं तीन महिने चार भिंतींत बसवून त्यांचं मन वळवलं. चाळीस वर्षं मी ज्या मातीत वाकले ती विकायची, आणि मला विचारायचं पण नाही.

कार्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सगळ्यांदेखत तुझ्या पप्पांना, गजाला म्हटलं, जमीन विकायची तर आधी मला तिच्यात पूर. तो मान खाली घालून गेला. बोलणार काय?

तू यात पडू नकोस. तू माझी लाडकी आहेस, तशीच राहा. थंडी तिकडं पडते का? अंगाला तेल लावत जा.

तुझी,
प्रेमाआत्या

॥ श्री ॥
दार्सैत
९ जानेवारी २०२५

ती. प्रेमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फ्लॉरेन्स आंटी काल परत आल्या. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू यात पडू नको म्हणालीस, पण मी पडणार आहे, कारण तुला जे माहीत नाही ते मी या घरात बसून ऐकलंय.

पहिली गोष्ट, आजोबा चार भिंतींत बसले नव्हते. पहिले आठ दिवस बसले, खरं आहे. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या टॅक्सी मोजायचे. मग जुनैदअंकल म्हणाले, अल हैलला त्यांचा मित्र इम्रान एका खजुराच्या बागेत कामाला आहे, बाबाजींना तिकडे घेऊन चला. पुढच्याच शुक्रवारी आम्ही गेलो. आजोबांनी आधी काय केलं असेल? पंपाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकले. म्हणाले, मचूळ आहे, समुद्र आत आलाय, म्हणून लिंबं जळतायत. इम्राननं ते मालकाला सांगितलं. मालक म्हणजे आजोबांच्याच वयाचे, पांढरी दाढी, हातात काठी, सगळे त्यांना अर्बाब म्हणतात. ते म्हणाले, हे मला ठाऊक आहे, पण याला पाच मिनिटांत कसं कळलं?

मग दर शुक्रवारी तेच. पप्पा गाडी चालवायचे, आजोबा मागे कुदळ घेऊन बसायचे. ती त्यांनी रुवीच्या बाजारातून पप्पांना विकत घ्यायला लावली होती. लिंबाच्या आळ्यांत त्यांनी सुकी पाती पसरली, कडेला वाल आणि मुळा लावला. काम झालं की अर्बाब आणि ते चटईवर बसून कावा, म्हणजे इथली कॉफी, प्यायचे. एक मराठीत बोलायचे, एक अरबीत, आणि दोघांचं छान चालायचं. आत्या, मी त्यांना इतकं हसताना गावी कधी बघितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. मागच्या जानेवारीतला एक शुक्रवार. अर्बाबांनी इम्रानकडून विचारलं, तुम्हाला मुलं किती? आजोबा म्हणाले, दोन. एक इथे मस्कतला, आणि एक शेत करतं. अर्बाब खूश झाले. म्हणाले, नशीबवान आहात, माझे चारही ऑफिसात गेले, एकालाही खजुरावर चढता येत नाही. शेत करणाऱ्या मुलाचं नाव काय? आजोबा म्हणाले, प्रेमा. इम्रान गोंधळला, कारण नाव बाईचं. त्यानं परत विचारलं. आजोबांनी परत सांगितलं, प्रेमा. पप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर आजोबांनी विषय काढला. मी आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. ते म्हणाले, मी त्यासाठीच आलोय. शेत प्रेमाच्या नावावर करायचंय. तिला हे ठाऊक नाही. आधी तुझा होकार पाहिजे, तुझ्या पाठीमागे मला काही करायचं नाही. पप्पा भडकले. म्हणाले, गावात लोक काय म्हणतील, मुलगा मेला का? आजोबा शांतपणे म्हणाले, मुलगा मेला नाही, मुलगा मस्कतला आहे.

त्यावर पप्पा चपला घालून खाली निघून गेले. आजोबांनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. फक्त निघताना एअरपोर्टवर म्हणाले, गजा, उत्तर कळव. हो असू दे, नाही असू दे, पण कळव.

सातबारा आणि मोजणी त्यासाठी होती, आत्या. विकण्यासाठी नाही.

पप्पांनी उत्तर कळवलं की नाही मला माहीत नाही. मी तुझं पत्र त्यांच्या जेवणाच्या डब्याखाली ठेवणार आहे. चुकलं असेल तर रागव, पण माझ्याशी बोलणं सोडू नकोस.

तुझी,
यशश्री

॥ श्री ॥
मस्कत
३१ जानेवारी २०२५

ती. ताईस,
गजाचा सा. न. वि. वि.

यशश्रीनं मला तुझं पत्र वाचायला दिलं. तिनं तुला काय लिहिलं तेही सांगितलं. ते सगळं खरं आहे. पुढचं मी लिहितो.

मी उत्तर कळवलं नाही. आखाडात फोन लावला, तर तू उचललास आणि बाबा शेतात आहेत म्हणालीस. म्हटलं, गणपतीत सांगू. गणपतीत कंपनीचं मोठं काम लागलं. म्हटलं, दसऱ्याला. दसऱ्याला बाबांशी पाऊसपाण्याचं बोललो आणि फोन ठेवला. पाचव्या दिवशी ते गेले. मी पोचलो तेव्हा चिता पण थंड झाली होती.

ताई, शेत तुझं आहे हे मला अर्बाबच्या चटईवर बसल्या बसल्या कळलं होतं. नाही म्हणायला तोंड नव्हतं, पण हो म्हणवत नव्हतं. इथे सत्तावीस वर्षं झाली. व्हिसा कंपनीचा, घर भाड्याचं. कंपनीनं उद्या खलास म्हटलं की महिन्याभरात सामान बांधायचं. त्या सातबाऱ्यावर उद्या माझं नाव येईल, तेवढीच जगात एक जागा माझी म्हणून दाखवायला आहे, असं मनात धरून मी इतकी वर्षं काढली. मी तिथे एक रोप लावलं नाही हे मला समजत होतं. तरी धरून बसलो.

तू सगळ्यांदेखत बोललीस त्याचं काही नाही. मी त्याहून जास्तीला पात्र होतो. बाबा उत्तराची वाट बघत गेले, हे मला गिळता येत नाही.

मार्चमध्ये पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. देवरुखला रजिस्टर ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करतो. उशीर झाला, पण करतो. तुझी हरकत नसेल तर घरी उतरेन.

लोभ असू दे असं लिहायचा धीर होत नाही. जमलं तर ठेव.

तुझा,
गजेंद्र

॥ श्री ॥
खालची कोंडवाडी
२० फेब्रुवारी २०२५

चि. गजास,
ताईचे अ. उ. आ.

घरी उतरेन काय म्हणतोस? दुसरीकडं कुठं उतरणार? सही करायला ये. मी नको नको म्हणणार नाही. शेत मला पाहिजे आणि मी ते घेणार. पण घर आपल्या दोघांचं, ते कागदावर तसंच राहील, तू नाही म्हणालास तरी. कंपनीनं कधी सामान बांधायला लावलं, तर ते इथं आणून सोड.

कार्याच्या दिवशी मी चुकले. चार लोकांत बोलले, आणि खोटं बोलले. तू ते सोसलंस. माझी मला लाज वाटते.

आता एक गोष्ट लिहिते, ती मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

बाबा गेले त्या दुपारी भात झोडून खळ्यात पडलं होतं. त्यांना दोन दिवस उठवत नव्हतं, म्हणून पडवीत खाट टाकली होती, म्हणजे खळं दिसावं. मी घाईत होते. त्यांनी हाक मारली आणि विचारलं, गजाचं उत्तर आलं का? मला कसलं उत्तर ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, जमीन विकायचं. अंगाचा तिळपापड झाला. तोंडावर आलं होतं, नाही आलं उत्तर, आणि येऊ पण नये. पण त्यांच्याकडं बघितलं. डोळे माझ्या तोंडावर लावून, लहान मूल बघतं तसे बघत होते. मी म्हटलं, आलं बाबा. हो म्हणाला.

गजा, मला वाटत होतं मी माझंच शेत विकायला हो म्हणतेय. तरी म्हटलं.

बाबा हसले. म्हणाले, मला ठाऊक होतं, गजा नाही म्हणायचा नाही. मग माझा हात धरून म्हणाले, आता तुला कुणाचं भय नाही. ते असं का म्हणतायत मला कळेना. मी तशीच उभी राहिले, तर म्हणाले, जा, वारा सुटलाय, भात उफणून घे, पुन्हा असा वारा मिळायचा नाही. मी गेले. वारा होता तोवर उफणत राहिले. सुपं रिकामी करून परत आले, तोवर ते गेले होते. तोंडावर काही नव्हतं रे, झोपलेल्यासारखे होते.

तेव्हा ते वाट बघत गेले असं मनात धरून बसू नकोस. उत्तर घेऊन गेले. ते मी खोटंच सांगितलं होतं. तुझ्या या पत्रानं ते खरं झालं.

यशश्रीला आणि तिच्या आईला घेऊन ये. पोरीला म्हणावं, मी रागावलेली नाही. उन्हं तापायच्या आत निघा.

तुझी,
प्रेमाताई