फिल्मवरचे काळे डाग

११ नोव्हेंबर

"आयाबायांनो, कळा देताना तुमची हाक कोणी ऐकली?" — पहिल्याच वाक्याला सभा हातात आली! भाचीचं बाळ जन्मलं तेव्हा रडलं नाही. आठवडा झाला, काचेच्या पेटीत आहे. त्याच्या मेंदूच्या कालच्या एमआरआयची फिल्म जावयांच्या पिशवीतून काढली आणि व्यासपीठावर दिव्यासमोर धरली. "हे काळे डाग पाहा! रात्रपाळीच्या सिस्टरने डॉक्टरांना उशिरा बोलावलं, तो उशीर इथे उमटलाय!" टाळ्या थांबेनात. रिपोर्ट यायचा होता. कशाला थांबायचं? डोळे आहेत की मला!

१२ नोव्हेंबर

सिस्टर निलंबित. अभिनंदनाचे फोन.

१३ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. स्कॅनच्या डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना पडद्यासमोर बसवलं. बोट ठेवून सावकाश सांगितलं — जन्मताना प्राणवायू तुटला असता, तर या चित्रात ती जागा पांढरी उजळली असती. हे काळे डाग म्हणजे पोकळ्या. पेशी मरून पोकळी व्हायला आठवडे लागतात. "हे पोटात असतानाच झालंय. कळांच्या आधी. का, ते सांगता येत नाही."

माझी जीभ कुठली गप्प बसायला! "पण उशीर झालाच ना?"

"बाई, तो उशीर यात कुठेच नाही."

म्हणजे जो काळा डाग मी मिरवला, तोच सिस्टरच्या बाजूचा पुरावा! कपाटं भरून पुस्तकं वाचली. एक चित्र वाचता येणाऱ्या बाईची वाट दोन दिवस पाहवली नाही. मान वर होईना.

बाहेर जावई कुजबुजले, "मावशी, आता गप्पच राहा. लोक आपल्या बाजूने आहेत." भाची भिंतीकडे बघत होती.

१४ नोव्हेंबर

त्याच मैदानात, त्याच माइकवर सांगितलं — माझा आरोप खोटा होता, सिस्टरला कामावर परत घ्या. मागून कोणीतरी ओरडलं, "किती मिळाले, ताई?" हशा. तरी परतताना हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. खरं बोलल्याचाही तोराच!

१५ नोव्हेंबर

बाळ आज पहिल्यांदा पेटीबाहेर, भाचीच्या मांडीवर. म्हणाली, "कालचं भाषण ऐकलं गं. बरोबर केलंस. पण त्या सिस्टरला शिव्या घालून निदान झोप तरी लागायची. आता कोणाला घालू? माझंच पोट ना ते?"

मी तोंड उघडलं.

"बोलू नकोस, मावशी. धर त्याला."