लेप वाळेपर्यंत

मावशी,

‘प्रिय’ लिहायला हात धजावला नाही, तेवढं चालवून घे.

माझं स्वतःचं पार्लर आहे. आज दुपारी एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. म्हणाली, “भाची आहे. जरा मोठी दिसेल असं करा, कामाला लावायचीय.” तू मला धंद्याला विकलंस, त्या दिवशी तूही पार्लरवालीला हेच सांगितलं होतंस. तिने मुकाट्याने माझे ओठ रंगवले होते.

मी मात्र गोड हसले. “ताई, आधी तुम्ही बसा. चेहरा किती रापलाय! फेशियल फुकट.” फुकट म्हटल्यावर बाई लगेच आडवी झाली. तोंडभर लेप थापला, डोळ्यांवर काकडी ठेवली आणि बजावलं, “अजिबात हलू नका, सुरकुत्या पडतील.”

मुलीला आतल्या खोलीत नेऊन कडी लावली. “ही कोण गं तुझी?”

“माहीत नाही. गाडीत भेटली.”

मी पोलिसांना फोन केला. ते आले तेव्हा बाई चक्क घोरत होती. तशीच पांढऱ्याफटक तोंडाने जीपमध्ये चढली. शिपायांनाही हसू आवरेना.

मुलीने घाबरत विचारलं, “आता मला मोठी करणार?”

“छे गं! तुझी तू हो, सावकाश.”

तिच्या दोन वेण्या घातल्या. बालगृहातल्या ताई तिला न्यायला निघाल्यात. तोवर ती माझ्या फिरत्या खुर्चीत गरगर फिरतेय आणि “अजून एकदा!” म्हणून ओरडतेय.

पत्र टाकणार नाही, माझा पत्ता तुला कळायला नको. पण आज मला किती आनंद झालाय, ते तुझ्याइतकं कुणाला कळणार?

नाइलाजाने तुझी,
भाची