काळी पावडर आणि निळं पाणी

३ जून, सोमवार
आजपासून प्रबंध. रोज दोन पानं, म्हणजे ऑगस्टमध्ये खेळ खलास. पाच वर्षं झाली, असं ओदेतनं नाश्त्याला पुन्हा ऐकवलं. बायकोला विज्ञान समजावणं कठीण. माझी काळी पावडर रंगाच्या पाण्यात टाकायची, ऊन दाखवायचं. उन्हानं पावडर जागी होते आणि रंग खाऊन टाकते. इतकं सोपं आहे. शिवाय इथे गिमारायश शहरात साध्या पदवीधरालाही डॉक्टर म्हणतात. प्रबंध म्हणजे निव्वळ उपचार.
पानं : शून्य. लॅपटॉप अपडेट होत होता.

११ जून, मंगळवार
सासऱ्यांच्या कापड रंगवायच्या कारखान्याला नोटीस आली. सांडपाण्याचा रंग घालवा, नाहीतर टाळं. जेवताना त्यांनी विचारलं, तुमच्या पावडरीचा काही उपयोग? मी छातीठोकपणे हो म्हणालो. अठ्ठावीसला प्रात्यक्षिक. जमलं तर कारखान्यात माझ्या पावडरीची टाकी, मी तिचा प्रमुख. नाही जमलं तर ते तयार यंत्र आणणार आणि मी संशोधन सोडून सकाळी सहाच्या पाळीला रंगकामावर. ओदेतनं मान डोलावली. दुसरा पर्याय मी मनावर घेतलेला नाही.

१९ जून, बुधवार
लॅबमधल्या इदालिनाबाईंचं तेच टुमणं : एक बरणी पावडर न टाकता उन्हात ठेवा, तुलनेला. मी म्हणालो, न टाकलेल्या पावडरीचा परिणाम बघत बसायला मला वेळ नाही. त्या हसल्या. बहुतेक पटलं.
पानं : अर्धं. आभारप्रदर्शन.

२४ जून, सोमवार
संत जॉनचा सण. लिहायला बसणारच होतो, पण गल्लीभर सार्डिन मासे भाजत होते. सात खाल्ले. आभारांत सासऱ्यांचं नाव वर घेतलं.

२८ जून, शुक्रवार
गच्चीवर निळ्या पाण्याच्या तीन बरण्या. ऊन कडक. पावडर सढळ हातानं टाकली, कंजुषी कशाला. चौथी, त्याच निळ्या पाण्याची पण बिनपावडरची बरणी इदालिनाबाईंनी स्वतःच आणून ठेवली. मी मोठ्या मनानं काही बोललो नाही.
संध्याकाळी सासरे आले. माझ्या तिन्ही बरण्यांत गटार. प्रक्रिया चालू आहे, असं मी सांगितलं. चौथी एकदम नितळ. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.
“मानलं बुवा, जावईबापू. हीच पावडर द्या.”

“ह्यात काहीच नाहीये, साहेब,” इदालिनाबाई म्हणाल्या. “ऊनच काम करतंय. डॉक्टरांची पावडर मध्ये येतेय.”
सासऱ्यांनी हात काढून घेतला.

३० जून, रविवार
सकाळपासून कारणं शोधतोय. ढग नव्हते. बरण्या स्वच्छ होत्या. शेवटी पाच वर्षांच्या वह्या काढल्या. पानोपानी पावडर, बिनपावडरची बरणी कुठेच नाही. एक बरणी, एक दिवस. पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. फार लाज वाटली. इदालिनाबाईंना फोन करून तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, उद्या डबा घेऊन जा, कारखान्याचं कँटीन बेकार आहे.
ओदेतनं पाचचा गजर लावला आणि घड्याळ माझ्या उशाशी ठेवलं.