डावी पाकळी

माय,

तू गेलीस तेव्हा मी चौथीत होते. आता मी बसवकल्याणच्या शाळेत विज्ञान शिकवते, मंठाळहून रोज बसनं जाते-येते, आणि अप्पा पाहुण्यांना सांगतात की आमच्या घराण्यातली ही पैली पदवीधर. तुला जे कुणीच सांगितलेलं नाही ते आधी सांगते. माझं एका मुलीवर प्रेम आहे. कलबुर्गीला शिकताना आम्ही वसतिगृहात एका खोलीत होतो. तिच्या घरी कन्नड, माझ्या घरी मराठी, भांडण झालं की दोघी दख्खनीवर उतरतो. ती अजून तिथंच नोकरी करते आणि रोज विचारते, घरी कधी बोलणार. मी वर्गात मुलांना म्हणते, खरं असेल ते बोलायला घाबरू नका. मग घरी येते आणि चपला काढताना तोंड मिटते.

घरात तू असतेस, हेही एक कारण आहे. तू गेल्यावर वर्षाच्या आत अप्पांनी दुसरं लग्न केलं. मी तिला मावशी म्हणते, पण ती कमलनगरकडची, तिनं तुला कधी पाहिलेलं नाही. रीतीप्रमाणे लग्नातच तिच्या गळ्यात तुझा टाक घातला, मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून. चांदीच्या छोट्याशा पत्र्यावर उठवलेली एक बाई, ती तू. नवं लुगडं आधी तुला लावायचं, मग तिनं नेसायचं. पहिला घास तुला दाखवायचा, मग तिनं खायचा. तिच्या अंगाला घासून तुझं नाक गेलं आहे, डोळ्यांच्या जागी दोन खळगे उरलेत. ताट वाढायला ती वाकली की टाक पुढे येतो, झुलतो आणि थांबतो तो माझ्याकडे तोंड करून. टाक गोल फिरून कुठंही थांबू शकतो, हे मला कळतं. तो माझ्याकडेच थांबतो. आणि अलीकडे मावशी पदराच्या टोकाला लवंग बांधून ठेवते. ती सवय तुझी. तुला कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "मला पैल्यापासून लागतीय लवंग." पहिल्यापासून नव्हती लागत.

तुझा एक दिवस मला स्वच्छ आठवतो. गावातलं लग्न, मांडवात आपण बायकांत बसलोय, आणि मी मोठ्यानं म्हणते, मला ह्या नवरीसंगं लगीन करायचंय. बायका हसतात. कुणीतरी म्हणतं, "घ्या, जावई मिळाला." तूही हसतेस, आणि पदराआडून माझ्या मांडीला असा चिमटा घेतेस की श्वास अडकतो. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात चुलीपुढे तूच त्या निळ्या डागाला तेल चोळत होतीस. "मनात यील ते समदं तोंडावर आणायचं न्हाई बाई. घराचं नाव असतंय." मला तेव्हा वाटलं, लग्नात मोठ्यानं बोलू नये एवढंच तू सांगतेस. तुला काय दिसलं होतं, हे आता कुणाला विचारू?

मला स्थळं येऊ लागली तशी अप्पांनी तुझा कौल घ्यायला सुरुवात केली. सांजेला मावशीच्या गळ्यातून टाक काढायचा, देव्हाऱ्यात गव्हाच्या राशीवर उभा करायचा, दोन्ही अंगांना झेंडूची ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पहिल्या स्थळाला डावी पडली, दुसऱ्यालाही. अप्पांनी फोन करून सांगितलं, थोरलीचा कौल न्हाई, आणि पाहुण्यांनीही राग धरला नाही. थोरल्या बाईचा मान हाय, म्हणाले. या घरात मी नाही म्हटलं असतं तर तो डाग झाला असता. मेलेल्या बाईच्या नकारानं कुणाची मान खाली जात नाही.

तिसरं स्थळ उमरग्याचं. मुलगा पुण्यात, घर मोठं. अप्पा इरेला पेटले. "लोक इचारायलेत, पोरीत खोट हाय का आईत? ह्या बारीला पाकळ्या मी लावतो." त्याआधी स्वयंपाकघरात ते डब्यातून गूळ घेऊन बोटांवर मळत होते, ते मी पाहिलं. डावी पाकळी गुळानं चिकटवली आणि उजवी नुसत्या पाण्यानं. मावशी उंबऱ्याबाहेर उभी. दिवा हलत नव्हता. उजवी पाकळी वाळत गेली, कडा वळल्या, तरी टाकाला धरून राहिली. डावी गळून पडली. अप्पा तिच्याकडे बघत राहिले. बोलणार काय? बोलले असते तर गुळाचं सांगावं लागलं असतं. सकाळी पाकळीला मुंग्या लागल्या होत्या. त्यांनीच ती उचलून बाहेर टाकली, आणि उमरग्याला फोन केला.

गुळानं पाकळी जड झाली, दिव्याच्या उबेनं गूळ सुटला. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे सांगता येतं, आणि मी ते स्वतःला सांगत होते. मग भाकरी थापताना मावशी मान वर न करता म्हणाली, "पैल्या दोन्ही बाऱ्या मी फुकर मारली."

"कामून?"

"तुझं तोंड बघवत नव्हतं. काय हाय ते मी इचारीत न्हाई." तिनं भाकरी उलटली. "पर परवा मी काय केलं न्हाई. मी भाईर हुते. टाक परत गळ्यात घातला तवा गार हुता, बर्फावानी. अजून ऊब धरीना झालाय."

मी हात लावून पाहिला. खरंच गार होता, तिच्या छातीवर असूनही.

आज मावशी न्हाणीत गेली तेव्हा टाक कोनाड्यात काढून ठेवलेला होता. अप्पा शेतात. मी कलबुर्गीच्या तिचं नाव मनात घेतलं, परसातून झेंडू आणला, दोन पाकळ्या भिजवल्या आणि तुझ्यापुढे उभी राहिले. बोटांवरचं पाणी वाळेपर्यंत तशीच होते. शेवटी पाकळ्या न लावताच चुलीत टाकल्या आणि हे लिहायला बसले. तुला हे वाचून दाखवायचं तर मावशीच्या छातीशी तोंड नेऊन वाचावं लागेल, म्हणून ते कुठंच जाणार नाही. पण एक सांगते. डावी पडली असती तर मी तुलाही मानलं नसतं, गुळासारखं काहीतरी कारण काढलं असतं. उजवी पडली असती तर मला अप्पांपुढे जाऊन तिचं नाव घ्यावं लागलं असतं. मला भीती उजवीची वाटली.