बुजवलेलं वळण

१५ मार्च, रविवार दुपार

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नकोस, असं हिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. फोन केला असता, पण फोनवर मी हवापाण्याचंच बोलत बसतो, हे तुला ठाऊक आहे.

आपल्या ओढ्याचं काम वर्षभर चाललं आहे. शाळा, कपडे धुण्याचा कारखाना, पालिकेचं पाणीखातं आणि काठावरची घरं, सगळे मिळून करतात. काठावर इथली मूळची झाडंझुडपं परत आणायची आणि कारखान्याचं पाणी लव्हाळ्यातून गाळून मगच ओढ्यात सोडायचं. दर रविवारी मी माझं खोदाईचं मशीन चालवतो. पालिकेच्या इंजिनीअर बाई तुझ्याच वयाच्या आहेत, बूट कायम चिखलाने भरलेले. त्यांची एक रीत आहे. नकाशा काढण्याआधी त्या काठावरच्या जुन्या माणसाच्या हाती चुन्याचं घमेलं देतात आणि म्हणतात, "पूर्वी पाणी कुठून जायचं ते आखा."

आपल्या जागेवर शेजारच्या मावशींची पाळी आली. कंबर धरून त्या चालत सुटल्या आणि थेट माझ्या शेडच्या मागून, तू आणि आबा बसायचात तिथून, चुन्याचं मोठं वळण आखून आल्या.

"इतकं वाकडं?" बाई म्हणाल्या.

"पाणी आहे ते. तुमची पट्टी धरून चालतंय होय?"

"मग हे बुजलं कशाने?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "पुराने."

बाईंनी लिहून घेतलं. पूर ज्या जागी स्वतःच भराव टाकतो, ती उकरण्यात अर्थ नाही, पुढच्या पुरात पुन्हा बुजेल, असा त्यांचा हिशेब. म्हणजे वळण सोडून द्यायचं आणि तिथे सरळ दगडी कठडा बांधायचा. फक्त नोंदीसाठी म्हणून कमरेएवढा एक खड्डा माझ्याकडून घेतला. तळाला काळी माती लागली. ती त्यांनी पसरट ट्रेमध्ये घालून शाळेच्या व्हरांड्यात ठेवली आणि शिक्षकांना रोज पाणी शिंपडायला सांगितलं. बी काहीच टाकलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी गेलो तर ट्रे हिरवे झाले होते. आधी मला शेवाळ वाटलं. वाकून बघितलं तर केसाएवढी पाती, शेकड्यांनी. बाई म्हणाल्या, हा लव्हाळा, हे पाणकणीस, आणि ही दोन रोपं तर त्यांनाही ओळखता येईनात. बारा वर्षं उजेड नाही, वारा नाही, वरून भरावाचं ओझं. तरी बी तसंच जागं राहिलं होतं. मी रोज हात जोडतो, ते सवयीने. त्या दिवशी जोडायचं सुचलंच नाही. नुसता बघत उभा राहिलो.

ताई, पुराने काही केलं नव्हतं.

आबा डोळ्यांच्या ऑपरेशनला तीन आठवडे तुझ्याकडे होते, तेव्हा मला शेडसाठी सपाट जागा हवी होती. तुम्हा दोघांना विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतात. ओढ्याला पूर आला आणि चार दिवसांत ओसरला. मग मी मशीन घातलं. लोकांना वाटलं, मी गाळ काढतोय. मी वळण बुजवत होतो. तू काठावर लावलेली झाडंही मीच उपटली. "एकही वाचलं नाही का रे?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा त्यांची लाकडं शेडमागे रचून ठेवलेली होती.

आबा परत आले. नव्या डोळ्यांनी त्यांनी ती सपाट जागा बघितली. मग म्हणाले, "देवाने दिलं होतं, देवाने नेलं." मी मान डोलावली. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, आणि मी त्यांना एकदाही सांगितलं नाही.

परवाच्या बैठकीत मी उभा राहून हे सगळ्यांसमोर सांगितलं. बाईंनी वहीतली ती ओळ खोडली आणि विचारलं, "मशीन कुणाचं होतं?"

"हेच. माझंच."

"मग हेच आणा."

मावशी म्हणाल्या, "बारा वर्षं त्या पुराला शिव्या घातल्या रे आम्ही. बिचारा." लोक हसले. मला हसता आलं नाही, पण श्वास मोकळा झाला.

शेड मी उतरवायला घेतली आहे. मात्र जागा आपल्या दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे वळण उघडायला तुझीही सही लागेल. कागद सोबत आहे, महिनाअखेरपर्यंत पोचायला हवा. नाही आला तर तिथे कठडा होईल. तुझं मन झालं नाही तर ते मी समजून घेईन, आणि कुणी विचारलंच तर कठडा माझ्यामुळे झाला असं सांगेन.

सही केलीस तरी मला माफ केलंस असं मी धरणार नाही. ते वेगळं. ती ओढ्यासाठी असेल.

आबांना सांगायचं राहिलं, ते तुला सांगितलं.

आपलं करणं देवाच्या नावावर खपवणारा,
तुझा धाकटा भाऊ