तीन मुलाखती, शंभर टक्के

४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही.
तिसऱ्या मेडिकल कॉलेजाचंही मुलाखतीचं बोलावणं आलं. गेल्या वर्षी एक आलं होतं, त्याआधी शून्य. आलेख चढता आहे.
तिन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवर म्हटलंय की मुलाखतीला बोलावलेल्यांपैकी साधारण तीनात एकाला प्रवेश मिळतो. म्हणजे एका मुलाखतीचे तेहतीस टक्के. तीन मुलाखतींचे नव्याण्णव. वरचा एक टक्का नशिबाचा, तो धरून शंभर.

५ फेब्रुवारी
ताईला गणित दाखवलं. ताई शाळेत गणितच शिकवते. तिने पेपर तपासायचे थांबवून माझा कागदही लाल पेनाने तपासला. शक्यतांची अशी बेरीज होत नाही म्हणे. तिन्हीकडून नकार यायची शक्यता तीस टक्के, म्हणजे कुठेतरी लागायची सत्तर. आणि तेसुद्धा एका मुलाखतीचा दुसरीशी काही संबंध नसेल तर. मी म्हणालो, संबंध कसला? तीन शहरं वेगळी, कॉलेजं वेगळी, परीक्षक वेगळे.
ती म्हणाली, "पण तिन्हीकडे जाणार तूच ना?"
शिक्षकी पेशात माणूस कडवट होत जातो. ताईची काळजी वाटते.

६ फेब्रुवारी
बाबांशी करार झाला. बाबांचं नळांचं आणि बाथरूम फिटिंगचं दुकान आहे. यंदाचा प्रयत्न तिसरा आणि शेवटचा. नाही जमलं तर एक जूनला सकाळी साडेनऊला दुकानात हजर. मी लगेच हो म्हणालो. जे घडणारच नाही त्याला हो म्हणायला काय जातंय.
पण इथे खरं लिहायला हरकत नाही. मला डॉक्टर व्हायचंच आहे. सातवीत हात मोडला होता तेव्हा प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "लिहितोस कुठल्या हाताने?" तोवर सगळे फक्त पडलास कसा हेच विचारत होते. तेव्हापासून मनात आहे.

८ फेब्रुवारी
'तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय?' या प्रश्नाचं उत्तर तयार. चार मिनिटं दहा सेकंद. त्यात मानवता तीनदा, सेवा पाचदा, समर्पण दोनदा. प्लास्टरची गोष्ट काढून टाकली, फार किरकोळ वाटते.

९ फेब्रुवारी
संकल्प: १) रोज पाचला उठणे. २) आरशासमोर अर्धा तास सराव. ३) वर्तमानपत्रातलं आरोग्याचं पान पाठ करणे.

१० फेब्रुवारी, सकाळी ८.४०
पाचला उठलो होतो. झोप पुरी होणं आरोग्याला आवश्यक असतं, हे आरोग्याच्याच पानात वाचल्याचं आठवलं. परत झोपलो.

१५ फेब्रुवारी
घरी सराव मुलाखत. आई आणि बाबा परीक्षक. आईने शेंगा सोलत पूर्ण उत्तर ऐकलं आणि फार छान बोललास म्हणाली. मग विचारलं, यातलं तुझं कुठलं? आईला मुद्दा कळला नाही, पण भावना पोचली.
बाबा दुसऱ्या मिनिटाला खुर्चीतच झोपले. माझ्या आवाजात पेशंटला शांत करण्याची ताकद आहे. हे कुठेतरी घालायला हवं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
पहिली मुलाखत झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी आणि एक डुगडुगणारी खुर्ची. पहिलाच प्रश्न: डॉक्टर का व्हायचंय? मी उत्तर सुरू केलं. तिसऱ्या मिनिटाला मधल्या सरांनी हात वर केला. दाद द्यायची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, म्हणून मी थांबलो नाही. उत्तर संपलं तेव्हा तिघांनीही कागद गोळा केले. मग म्हणाले, वेळ संपली.
एका प्रश्नात मुलाखत काढली. शितावरून भाताची परीक्षा.

१ मार्च
इंटरनेटवर महत्त्वाची माहिती मिळाली. काही कॉलेजांत खरी परीक्षा खोलीबाहेरच सुरू होते. गेटवरचा माणूस, पाणी देणारा, जिना पुसणारी बाई, यांपैकी कुणीही गुप्त परीक्षक असू शकतो. बाकीच्या उमेदवारांना हे माहीत नसणार. ताईलाही सांगितलं नाही.

१० मार्च
दुसरी मुलाखत. कॉलेजच्या आवारात एक माणूस लांबलचक शिडी घेऊन एकटाच चालला होता. मी लगेच ओळखलं. पुढे होऊन शिडीचं दुसरं टोक धरलं. तीन मजले चढलो. वाटेत त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, कामाचा ताण विचारला. वर गेल्यावर म्हणाले, आता खाली धरून उभे राहा. वीस मिनिटं शिडी धरून उभा राहिलो. त्यांनी छताच्या दोन ट्यूबलाइट बदलल्या. अभिनय इतका खरा की मी थक्क झालो.
मुलाखतीच्या खोलीत पोचलो तेव्हा माझं नाव दोनदा पुकारून झालं होतं. ब्लेझरला चुना लागलेला. उरलेल्या चार मिनिटांत मी फक्त हसतमुख राहिलो आणि मधूनमधून सूचक नजरेने छताकडे पाहिलं. परीक्षकांनीही छताकडे पाहिलं.
समजलं त्यांना.

११ मार्च
ताई म्हणते तो इलेक्ट्रिशियन होता. ताईला माणसांमधलं चांगलं दिसतच नाही.

२२ मार्च, दुपारी ४
तिसरी मुलाखत. आजची सगळ्यात भारी. जमेल तेवढं सगळं लिहून ठेवतो.
दोन भाग होते. पहिल्या खोलीत पेशंटचं काम करणारी एक बाई खुर्चीत बसली होती, पोट धरून. टेबलावर कार्ड: 'यांना तीन आठवडे त्रास होतो आहे. आठ मिनिटांत त्यांच्याशी बोला.' कोपऱ्यात जाड चष्म्याच्या एक प्राध्यापकबाई वही घेऊन बसल्या होत्या. कार्डावर बोला म्हटलंय, म्हणून मी बोललो. तुमची वेदना ती माझी वेदना, इथून सुरुवात केली. मग मानवता. पेशंटबाईंनी दोनदा तोंड उघडलं. मी हाताने दिलासा दिला की काही बोलायची गरज नाही, मला सगळं कळतंय. शेवटी त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. भारावल्या होत्या.
दुसऱ्या खोलीत त्याच प्राध्यापकबाई. प्रश्न: यंदा प्रवेश नाही मिळाला तर काय करणार? याचं उत्तर मी तयारच केलं नव्हतं, कारण वेळच येणार नाही. खरं तेच तोंडातून गेलं, की बाबांचं नळांचं दुकान आहे. तर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणे, दोन प्लंबर येऊन गेले.
मग मी साहजिकच विचारलं. कधीपासून? तोंडातून गळतो की मुठीपाशी? सतत, की बंद केल्यावर थोडा वेळ? गरम पाणी सोडल्यावर जास्त? आधीच्यांनी नेमकं काय बदललं? बंद करताना जोर लावावा लागतो का? त्या म्हणाल्या, हो, हल्ली दोन्ही हातांनी. मी म्हणालो, त्यात तुमची चूक नाही, सगळेच तसं करतात, पण त्यानेच वॉशर टेकतो ती आतली सीट झिजते. आणखीही बरंच विचारलं. बेल वाजली तरी त्यांनी थांबवलं नाही. बाकीच्यांना आठ मिनिटं, मला बारा. वर दुकानाचा नंबर लिहून घेतला.
ज्याला घ्यायचं नाही त्याचा नंबर कोण लिहून घेतं? नव्वद टक्के.

२३ मार्च
आईने नातेवाइकांना काही सांगू नको म्हटलं. बाजारात तुरी, वगैरे. मी फक्त दोन्ही मावशा, आत्या आणि मामा यांना सांगितलं.

१४ एप्रिल
पहिल्या कॉलेजाचा नकार. पण भाषा वाचण्यासारखी आहे: 'अनेक गुणी उमेदवारांमधून निवड करणे अवघड गेले.' म्हणजे मी गुणी, आणि त्यांना जड गेलं. पत्र जपून ठेवलं.

२ मे
दुसऱ्याचाही नकार. दोन ओळी. शिडीचा उल्लेख नाही.
शांतपणे विचार केला. तीनात एकाला मिळतं. दोन नकार होऊन गेले. म्हणजे उरलेला तो एकच. आता खरे शंभर टक्के. ताईला सांगायला गेलो तर तिने पाणी दिलं आणि डोक्यावरून हात फिरवला. गणितावर काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

११ मे
रोज पोस्टमनची वाट बघतो. महत्त्वाची पत्रं अशी संस्था पोस्टानेच पाठवते. पोस्टमन आता लांबूनच नकारार्थी मान हलवतो आणि गल्ली बदलतो.

१९ मे, सकाळी ११.२०
आला. फोन आला. दुकानावर बाबांनी घेतला. मेडिकल कॉलेजाच्या प्राध्यापकबाई, मुलाला आज चारला घरी पाठवता का म्हणाल्या, नळाचं बघायला. बाबांना वाटतंय नळाचंच काम आहे. भोळे आहेत.
हा शेवटचा टप्पा असणार. घरी बोलावून माणूस कसा आहे ते बघतात. ब्लेझर इस्त्रीला दिला. एका हातात सर्टिफिकेटांची फाइल, दुसऱ्यात नट खोलायचे पाने आणि टेफ्लॉन टेप. बाबांनी अंदाजाने नळाच्या आतला एक स्पिंडलही दिला.

१९ मे, संध्याकाळी
लिहायचं नव्हतं. लिहितो.
नळ खरंच गळत होता. फाइल फ्रिजवर ठेवली, ब्लेझर काढला, सिंकखाली शिरून पाणी बंद केलं, नळ खोलला. सीट झिजलेली होती आणि आधीच्याने वॉशर उलटा बसवला होता. दहा मिनिटांचं काम. पाणी सोडलं, बंद केलं, थेंबही नाही. बाईंनी एका बोटाने दोनदा उघडबंद करून बघितला आणि हसल्या.
मग मी विचारलं की निकाल कधी. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, मेल आठवड्यापूर्वीच गेलाय. फोन उघडून जाहिरातींच्या मेलमध्ये शोधलं. बुटांच्या सेलखाली होता. नकार.
मी तिथेच, हात ओले, उभा. बाईंनी टॉवेल दिला, खुर्ची ओढली, चहा ठेवला. कप हातात दिल्यावर म्हणाल्या, "माझ्या नळाला तुम्ही अकरा प्रश्न विचारलेत. मी मोजले होते. त्या पोट दुखणाऱ्या बाईंना एकही नाही."
मी म्हणालो, "नळाची भीती वाटत नव्हती."
त्या बाईंना काय होत होतं, हे मी आज पहिल्यांदा विचारलं. त्यांनी सांगितलं. नोकरी गेली होती आणि घरी कुणाला कळू दिलं नव्हतं, असं त्या पेशंटच्या भूमिकेत लिहिलेलं होतं. फक्त कुणी विचारलं तर सांगायचं. त्या दिवशी सोळा मुलांनी विचारलं.
येताना बसमध्ये रडलो. फार वाईट वाटलं. शेजारच्या काकांनी काय झालं विचारलं, तर मी सर्दी म्हणालो.

२० मे
नाश्त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की मला मिळालं नाही. एवढंच, सरळ. गेले तीन महिने 'प्रोसेस चालू आहे' म्हणत होतो. बाबा म्हणाले बरं. मग उठून माझ्याच ताटात आणखी एक ऑम्लेट वाढून गेले. बाबांनी आजवर कधी वाढलेलं नाही. ताई म्हणाली, चौथ्यांदा बसायचं असेल तर बाबांशी ती बोलेल. मी विचार करतो म्हणालो. टक्के काढले नाहीत.

१ जून, रात्री ८
साडेनऊला दुकानात. म्हणजे दहाला.
संकल्प एकच: माणसाला आधी विचारायचं, आणि मग गप्प बसून ऐकायचं. भाषण नाही.
अकराला पहिलं गिऱ्हाईक. एक निवृत्त गृहस्थ, फ्लशची टाकी गळते म्हणाले. मी स्टूल दिलं आणि विचारलं, कधीपासून? त्यांनी घर बांधलं तिथपासून सुरुवात केली. मग गवंड्याने केलेली फसवणूक, मग सुनेने निवडलेल्या टाइल्स, मग बायको गेल्यापासून रोज पहाटे तो टपटप आवाज कसा ऐकू येतो ते. मी मधे एक शब्द बोललो नाही. चाळीस मिनिटं. शेवटी त्यांचे डोळे भरून आले, माझा हात धरून म्हणाले, असं कुणी ऐकून घेत नाही हो हल्ली. मलाही भरून आलं. वॉशर बांधून दिला, पायरीपर्यंत सोडायला गेलो. मनात आलं, जमलं की नाही आपल्याला.
पाचला परत आले. वॉशर बसत नव्हता. मी सगळं ऐकलं होतं. माप विचारायचं राहिलं.