स्वयंपाकघराची भिंत

ता. ४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर रडूच फुटलं, म्हणून नीट लिहून कळवते. आपलं घर रस्त्याच्या हद्दीत येतं हा पालिकेचा हुकूम अजून रद्द झालेला नाही. पण वरच्या कोर्टाने आपलं अपील दाखल करून घेतलं आणि निकाल लागेपर्यंत घर पाडायला तात्पुरती मनाई केली. बुलडोझर स्वयंपाकघराची एकच भिंत पाडून थांबला तो त्यामुळेच. बाबांना सांग, जिंकलो नाही, पण हरलोही नाही.

अट मात्र दोघांनाही आहे. त्यांनी वीट काढायची नाही, आपण वीट लावायची नाही. बाबांच्या वतीने मी तशी लेखी हमी दिली आहे. कोर्टाचा माणूस पाहणीला येईल, तोवर ताडपत्री बांधा. गवंड्याच्या घराला ताडपत्री म्हणून बाबा कुरकुरतील, कुरकुरू देत. आपल्यासारख्यांचंही कुणी ऐकून घेतं, हे मी काल डोळ्यांनी पाहिलं.

तुमचा लोभही आहे तसाच ठेवा, त्यात फेरफार नको.

तुझी,
भिंगरी

ता. ११

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पावलं. आता तुझ्या बापाची करामत बसूनच वाच. ताडपत्री कशीबशी टिकली. वारा आला की शेगडी विझायची, आणि येणारा-जाणारा माझे डबे मोजून जायचा. कोपऱ्यावरचा शिंपी यांना म्हणाला, गावाच्या भिंती बांधल्यास आणि बायकोला रस्त्यावर बसवलंस. झालं! पडलेल्या विटा साफ करून यांनी भिंत उभी केली, वर गिलावाही केला. मी तुझी अट सांगितली, तर म्हणाले, तीच भिंत, त्याच विटा, त्याच जागी. मग बदललं काय? खरं सांगू, मी फार अडवलंही नाही. आडोशाला उभं राहून काम करताना बरं वाटलं गं.

आता पाहणीला माणूस येईल, त्याला नवा गिलावा दिसेलच. शिंपी म्हणतो, थोडा धूर द्या, गिलावा जुना दिसेल. यांना ते पटलेलं दिसतंय. तू खोटं बोलू नकोस, पण गप्प तर राहता येईल?

आमचं वेडेपण पोटात घाल.

तुझी आई

ता. १४

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव. पत्र वाचून आपल्या वकीलबाईंना लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, पालिकेने हे दाखवून दिलं तर मनाई उठेल आणि बुलडोझर पुन्हा दारात. आपणच भिंत काढून आपणच सांगितलं, तर आशा आहे, खात्री नाही.

बाबा, पडकी भिंत पाहून तुमचा हात राहिला नाही, हे मला कळतं. पण धूर देऊ नका. मी दिलेला शब्द तुमच्या नावाचा आहे. गप्प राहून वाचवलेल्या घरात मला झोप लागणार नाही. सोमवारी मी कोर्टात खरं सांगणार, मंगळवारी पाहणी. त्याआधी भिंत उतरवा.

रागवा, पण लोभ काढून घेऊ नका.

तुमची,
भिंगरी

ता. २२

चि. भिंगरीस आशीर्वाद.

आईने लिही म्हटलं, म्हणून लिहितो. अक्षराला हसू नकोस. तुझं पत्र ऐकून आधी राग आला. मग वाटलं, पाडायचीच तर आपल्या हाताने. हातोडा घालवेना. गिलावा खरवडून एकेक वीट सुटी केली, आई खाली घेत होती. शिंपी बघायला आला, म्हणाला, पालिकेचं काम फुकटात करतोस होय. त्याच्या हातात घमेलं दिलं. तोंड काही थांबलं नाही, पण राबला.

पाहणीच्या साहेबांना मी आधीच सांगितलं, भिंत बांधली होती, उतरवली. त्यांनी विचारलं, मुलीने पढवलंय का? मी म्हटलं, “तिने भिंत काढायला लावली, साहेब. बोलणं माझं आहे.” त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मनाई राहते की उठते, ते तारखेला कळेल. बातमी वाईट असली तर आधी मला सांग, आईला मी सांगेन.

वारा फार सुटतो. आई शेगडी पेटवते तेव्हा मी रस्त्याकडे पाठ करून मधे उभा राहतो. भिंत लावायला मनाई आहे, गवंड्याला नाही.

लोभ होता, आहे.

तुझे बाबा